यंदा येऊ नका

परळ, मुंबई
६ जानेवारी १९५७

तीर्थरूप बायस,
लवूचा साष्टांग नमस्कार.

दर पत्रात ‘आम्ही तिघेही खुशाल’ असे लिहायची सवय झाली आहे. यावेळी खरे लिहितो. चंदूला गेल्या पावसाळ्यापासून धाप लागते. चार वर्षांचे पोर, जिना चढून आले की भिंतीला हात लावून उभे राहते. आमच्या खोलीच्या मधोमध पडदा लावून पलीकडे दुसरे बिऱ्हाड राहते हे तुला ठाऊक आहेच. ते शेगडी पेटवतात तेव्हा धूर पडद्याला विचारून येत नाही. डॉक्टर म्हणाले, हिला औषधापेक्षा मोकळी हवा द्या. मी म्हटले, ती मुंबईत कुठे मिळते तेही चिठ्ठीवर लिहून द्या. ते हसले. मला हसू आले नाही.

माझा पगार वर्षातून एकदा वाढतो. दूध, कोळसा आणि भाडे यांना वर्ष संपायची वाट पाहावी लागत नाही. आता घरमालकही म्हणतो की इमारतीची दुरुस्ती करायची आहे, दिवाळीपर्यंत जागा बघा.

म्हणून मनात आले आहे की रेवंडीला परत यावे. आठ वर्षे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले, दुसरे काही येत नाही. पण मालवण बाजारात एक लहान जागा आणि पायाने चालवायचे एक जुने यंत्र मिळाले तर लग्नपत्रिका, बिलबुके, दशावताराच्या जाहिराती यांवर आमचे तिघांचे भागेल. आई गेल्यावर तू बहिणीची आई होऊन मला वाढवलेस. आता चंदूही तुझ्या डोळ्यांसमोर वाढेल. घर चार खोल्यांचे, त्यात तू एकटी.

सुशीला अजून हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. तुझा होकार आला की मे महिन्यात निघतो.

तुझा,
लवू


रेवंडी, ता. मालवण
२ फेब्रुवारी १९५७

चिरंजीव लवू यास अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. चंदूचे वाचून वाईट वाटले. तिला तुळशीचा रस मधातून देत जा.

येण्याबद्दल लिहिलेस. पण यंदा येऊ नका. घराची कौले उतरवावी लागणार आहेत. विहिरीला खारे पाणी लागले आहे. शाळा लांब आहे. मालवणात छापखाना चालेल असे मला वाटत नाही. इथे लोक लग्नाचे आमंत्रण तोंडाने देतात. हातची नोकरी सोडणे शहाणपणाचे नाही. दुसरी खोली शोधा.

मी बरी आहे. उत्तर लवकर दिले नाहीस तरी चालेल.

नर्मदा


रेवंडी
९ फेब्रुवारी १९५७

चि. सौ. सुशीला हीस नर्मदेचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या शेजारणीच्या, राधाबाईंच्या नावाने पाठवते आहे. लवूच्या हाती पडता कामा नये. वाच आणि फाडून टाक.

त्याला लिहिले ते सगळे खोटे आहे. विहिरीचे पाणी गोडे आहे, कौले धड आहेत. दिवाळीपासून मला खोकला होता. मार्गशीर्षात रक्त पडले. शेजारचा धोंडू मला फोंडाघाटावरून कोल्हापूरला घेऊन गेला. तिथे छातीचा फोटो काढला. क्षय आहे. डॉक्टरांनी इंजेक्शने दिली आहेत आणि सांगितले आहे की लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका. परत आले त्या रात्रीपासून मी घरात पाऊल ठेवलेले नाही. घराला कुलूप लावले आणि माडांच्या बागेतल्या खोपीत राहायला आले. धोंडूची बायको गंगू सकाळ-संध्याकाळ पेज आणून दाराबाहेर ठेवते. दुसऱ्या दिवशी लवूचे पत्र आले. मी ते वाचून खूप रडले. आठ वर्षे वाट पाहत होते त्याने हे लिहावे म्हणून.

तू हे त्याला सांगायचे नाहीस. तुला माझ्या गळ्याची आण आहे. आई आजारी होती तेव्हा हा सहा वर्षांचा, तिच्या अंथरुणातून त्याला ओढून काढावे लागायचे. आता कळले तर नोकरी टाकून येईल आणि माझ्या उशाशी बसेल. त्याला उंबऱ्याबाहेर ठेवायची ताकद माझ्यात नाही. तुझ्यात आहे. मी बरी झाले की मीच बोलावीन. नाही झाले तरी घर तुमच्यासाठी स्वच्छ राहील.

चंदूला गोड पापा. तिचे केस वाढले का?

नर्मदा


परळ, मुंबई
१२ मे १९५७

ती. बायस,
लवूचा नमस्कार.

तीन महिन्यांत मी तुला दोन पत्रे लिहिली. उत्तर नाही. काल गावाकडून गंगाराम आला होता. त्याला विचारले, घराची कौले उतरवली का? तो म्हणाला, कौले कसली, घराला तर शिमग्याच्या आधीपासून कुलूप आहे. विहिरीचे पाणीही तो पिऊन आला, गोडे आहे म्हणाला, पण तू त्याला कुठे दिसली नाहीस. आणि तू धोंडूबरोबर दोनदा कोल्हापूरला जाऊन आलीस हेही त्याच्याकडून कळले.

बाय, तुला कोल्हापूर बघावेसे वाटले यात गैर काही नाही. जन्मभर तू कुठे गेली नाहीस. पण भाऊ घरी येतो म्हणतो तेव्हा त्याला खोटे लिहायचे आणि घराला कुलूप ठोकायचे, हे कोणी शिकवले? मी घर मागेन अशी भीती वाटली का? मी मागणार नव्हतो. फक्त राहायला येणार होतो.

चंदूला दोन वेळा रुग्णालयात न्यावे लागले. सुशीलेला मी गंगारामचे सगळे सांगितले. ती तांदूळ निवडत राहिली. तिलाही तुझे नवल वाटले असणार.

आता स्पष्ट लिहितो. घर बाबांचे आहे. माझ्या वाट्याच्या दोन खोल्या मला दे. मधे भिंत घालू. तुला त्रास होणार नाही.

लवू


रेवंडी
३ जून १९५७

चि. लवूस आशीर्वाद.

तुझा वाटाच काय, सगळे घर तुझे आहे. मला भिंत नको. कागद करून पाठव, मी सही करते. पण यंदा येऊ नका. पावसाळा सरू दे.

रागावून पत्र लिहिलेस तरी अक्षर चांगले आहे.

नर्मदा


रेवंडी
५ ऑगस्ट १९५७, श्रावणी सोमवार

चि. सौ. सुशीलेस आशीर्वाद.

अक्षर वाकडे आले आहे, समजून घे. हे अर्धे काल लिहिले, अर्धे आज.

इंजेक्शने संपली. पुन्हा कोल्हापूरला जायचे तर गाडीत बसवत नाही, आणि घाटात दरड आली आहे. आता अंगात काही राहिलेले नाही हे मलाच कळते. धोंडूकडून घराच्या सगळ्या भिंतींना चुना काढून घेतला. मी बाहेर माडाखाली बसून सांगत होते, हंय मार, थंय रवला. आत गेले नाही. चुना सुकला की घर कसे दिसते ते मी आतून पाहिलेले नाही, तुम्ही पाहा.

तुला घातलेली आण मी आज सोडवते. लवूला सगळे सांग. माका त्येका एकदा बघूक व्हया. लांबून बघीन. तो दारात उभा राहिला आणि मला दिसला की पुरे. चंदूला आणायचे नाही. तूही येऊ नकोस. त्यालाच पाठव, आणि आत जाणार नाही असे त्याच्याकडून कबूल करून घे. तुझे तो ऐकतो.

त्याने माझ्याबद्दल जे मनात धरले आहे ते तसेच राहिले तर मला मरण जड जाईल.

नर्मदा


परळ, मुंबई
१६ ऑगस्ट १९५७

ती. वन्संना,
सुशीलेचा शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र राधाबाईंनी दिलं. प्रेसमध्ये चतुर्थीचं काम चढलं आहे. यांना रात्रपाळ्या आहेत, रजा मिळत नाही. चतुर्थी झाली की सगळं नीट सांगते आणि पाठवते. तोवर औषध सोडू नका. गंगूबाईंना पेजेत थोडं तूप घालायला सांगा.

चंदू बरी आहे. तिचे केस खांद्यापर्यंत आले.

तुमची,
सुशीला


रेवंडी
१ ऑक्टोबर १९५७

सौ. सुशीलेस,

बाय गुरुवारी, सव्वीस तारखेला पहाटे गेली. तार केली नाही, कारण तारेत काय लिहावे ते सुचले नाही. आज सहावा दिवस. सगळे क्रमाने लिहितो. तुला बरेचसे आधीच माहीत आहे.

मी अठराला दुपारी पोचलो. खिशात वकिलाच्या कारकुनाने लिहिलेला वाटणीचा कागद होता. गाडीत पूर्ण वेळ मी बायला काय काय बोलायचे त्याची जुळवाजुळव करत होतो. खाडीच्या होडीतून उतरून वर आलो तर घर पांढरेशुभ्र आणि दाराला कुलूप. मनात म्हटले, बघा, स्वतःसाठी रंगवून घेतले. गंगू पाणी घेऊन येत होती. मी विचारले, “बाय खंय गेली?” तिने कळशी खाली ठेवली. ती म्हणाली, “माडात आसा. जा बिगीन.”

खोपीचे दार उघडे होते. आत चटईवर कोणीतरी पडले होते. ती बाय आहे हे मला आवाजावरून कळले.

“कोण, लवू?”

“होय गो.”

“थंयच रव. उंबरो ओलांडू नको. सुशीलान सांगला नाय तुका? आत येवचा नाय म्हणान?”

मी उभाच राहिलो. मला काही समजेना. ती उठून बसायचा प्रयत्न करत होती, ते जमत नव्हते, आणि तरी तोंडभर हसत होती.

“माजा पत्र गावला मां? श्रावणातला? सुशीलान सांगल्यान मां तुका सगळा?”

सुशीला, त्या क्षणी मला सगळे कळले. शिमग्याच्या आधीपासूनचे कुलूप, कोल्हापूर, तुझे तांदूळ निवडणे, सगळे. खिशातला कागद छातीला लागत होता. आणि बाय माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी म्हटले, “होय. तिनाच धाडल्यान माका.”

तिने डोळे मिटले. मग म्हणाली, “मी वायट रे. दीड म्हयनो वाट बगलंय, तेवा मनात इला, सांगूक नाय वाटता तिना. उगाच तिच्यार संशय घेतलंय. बरी आसा ती. तिच्यार रागावू नको हां, मीच तिका आण घातलेलंय.”

“रागावूचंय नाय.”

“चंदूक हाडूक नाय मां?”

“नाय.”

“बरां केलंस. बस थंय. मीया बगतंय तुका.”

मी उंबऱ्याबाहेर बसलो तो आठ दिवस तिथेच होतो. मालवणहून डॉक्टर दोनदा आले. म्हणाले, घाट ओलांडून न्यायची वेळ गेली. बाय फार बोलत नसे. कधी विचारी, छापखाना कोणत्या बाजूला घालशील. मी म्हणे, बाजारात, मोठ्या रस्त्याला. ती म्हणे, जाहिरातीत नाटकाचे नाव मोठे घाल, लोक लांबून वाचतात. दोन दिवस मी आत गेलो नाही. तिसऱ्या दिवशी तिला कूस बदलता येईना तेव्हा गेलो. ती हाताने नको नको म्हणत राहिली आणि मग तोच हात तिने माझ्या हातात राहू दिला. डॉक्टरांनी मला तपासले आहे, पुन्हा तपासणार आहेत. हे तुला कळायला हवे.

शेवटपर्यंत तिला वाटत होते की तू मला पाठवलेस. मी ते मोडले नाही. तुझ्यासाठी केले नाही, तिच्यासाठी केले. तिची अठ्ठेचाळीस वर्षे झाली, त्यात तिने कोणाजवळ काही मागितले ते हे एवढेच, आणि तेसुद्धा तुझ्यामार्फत.

का केलेस ते मला लिहून कळव. समोरासमोर विचारले तर मी नीट ऐकणार नाही.

लवू


परळ, मुंबई
९ ऑक्टोबर १९५७

चंदूच्या बाबांना,
सुशीलेचा नमस्कार.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. आता लिहायला बसले आहे आणि चंदू मांडीवर झोपली आहे.

आण घातली होती असं सांगून मी सुटू शकले असते. वन्संनी तर तुम्हाला तसंच सांगितलं. पण श्रावणात त्यांनी आण सोडवली होती. त्यानंतरचं सगळं माझं आहे.

माझी आई कसालला याच दुखण्यानं गेली हे तुम्हाला माहीत आहे. माझी दोन भावंडं तापानं गेली असं तुमच्या घरी लग्नाच्या वेळी सांगितलं होतं. तो ताप नव्हता. तिघं एकाच दुखण्यानं गेलेल्या घरातली मुलगी कोण करून घेईल म्हणून बाबांनी तसं सांगितलं. आई माजघरात होती. परशुराम तिच्या पदराला धरून निजायचा, धाकटी सीता तिच्या ताटलीतलं खायची. कोणीच त्यांना दूर केलं नाही, कारण आई रडायची. दीड वर्षात तिघं गेली. मी मामाकडे होते म्हणून राहिले.

वन्संचं श्रावणातलं पत्र मी नळावर उभी राहून वाचलं. तुम्ही गेलात की उंबऱ्यावर थांबणार नाही, हे मला स्वच्छ दिसलं. तुम्ही थांबलाही नाहीत. आणि मग तुम्ही या अर्ध्या खोलीत परत याल आणि चंदू तुमच्या गळ्यात पडेल. तिला श्वास आधीच पुरत नाही. मी त्या दिवशी ठरवलं नाही की सांगायचं नाही. फक्त म्हटलं, आज नको. मग रोजच आज नको झालं. प्रेसमध्ये रजा मिळत नाही असं मी वन्संना लिहिलं. तुम्ही रजा मागितलीसुद्धा नव्हती.

तुम्ही निघालात त्या सकाळी सांगणार होते. तुम्ही चपला घालत होतात, रागात होतात. मी म्हटलं, “जाऊन भांडू नका.” एवढंच तोंडातून आलं. पुढचं बोलले असते तर तुम्ही सगळं जाणून गेला असता, आणि वन्संना खोटं सांगायची पाळी तुमच्यावर आली नसती.

त्यांनी दीड महिना दाराकडे बघत काढला. ते मी केलं. चंदूला वाचवण्यासाठी केलं असं म्हणते, पण रात्री असंही वाटतं की मला रेवंडीला यायचंच नव्हतं आणि मला एक चांगलं कारण मिळालं. त्यातलं खरं किती ते माझं मलाच कळत नाही.

घरमालकाचा माणूस पुन्हा येऊन गेला. दिवाळी बावीस तारखेला आहे. मी सामान बांधायला घेतलं आहे, पण कुठे न्यायचं ते तुम्ही सांगा. रेवंडी म्हणालात तर रेवंडी. कसालला बाबांकडे जाऊन राहा म्हणालात तरी मी एका शब्दानं विचारणार नाही.

चंदू तुम्हाला विचारते. मी सांगितलं, आत्या गेली. ती म्हणाली, मी तिला बघितलीच नाही.

सुशीला


रेवंडी
१५ ऑक्टोबर १९५७

सौ. सुशीलेस,

तुझे पत्र काल मिळाले. परशुराम आणि सीता ही नावे मी पहिल्यांदा वाचली. आपल्या लग्नाला सहा वर्षे झाली.

डॉक्टरांनी माझा फोटो काढवला. छाती स्वच्छ आहे, तरी तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायचे आहे. तोवर मी पडवीत निजेन, माझे ताट वेगळे ठेवीन, चंदूला कडेवर घेणार नाही. खोप धोंडूने आणि मी जाळली. बायचे अंथरूण, तिची लुगडी, सगळे त्यात गेले. घरात डॉक्टर स्वतः फिरले आणि म्हणाले, इथे पोर खुशाल आणा. घर उघडले, सगळ्या खिडक्या उघडून टाकल्या. समोरासमोर खिडक्या आहेत, वारा सरळ जातो. चंदूला इथे बरे वाटेल.

मुंबई सोडावी की नाही याचा आपण वर्षभर विचार केला. आता त्यात विचार करण्यासारखे काही उरले नाही. मालवणात जागा पाहिली आहे. मोठ्या रस्त्याला नाही, आतल्या गल्लीत आहे, पण मिळेल. तुम्ही दोघी या.

तुला क्षमा केली असे पत्रात लिहून धाडणे मला जमत नाही. केली नाही असेही लिहवत नाही. तू सांगितले असतेस तर मी आत गेलो असतो, हे तुझे खरे आहे. तिने दीड महिना वाट पाहिली, हेही खरे आहे. आणि मे महिन्यातले ते पत्र मी लिहिले, तू नाही. ते तिच्या उशाखाली सापडले. घडी उलगडून उलगडून मधे फाटले होते. ते मी खोपीबरोबर जळू दिले. या घरात मी कदाचित बरेच दिवस गप्प राहीन. तेव्हा भांडतो आहे असे समजू नकोस.

वीस तारखेच्या गाडीने निघा. राधाबाईंच्या भावाला कोल्हापूरपर्यंत सोबत घे, घाटात चंदूला खिडकीजवळ बसव. कसालला उतरा, पण माहेरी जाऊ नकोस. मी थांब्यावर असेन. उतरल्यावर माझ्याशी लगेच काही बोलायला जाऊ नकोस. मला चंदूला उचलून घेता येणार नाही, आणि तिला ते कळणार नाही. ती धावत येईल. तेव्हा तू तिचा हात घट्ट धरून ठेव.

लवू